फिरत्या वाचनालयाच्या बससाठी एसी निवडताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या सेवेतून बाद झालेली एक बस देणगी म्हणून मिळाली असून तिचे फिरते वाचनालय करण्याचा आणि तिच्यावर ‘दहा टनांचा एसी’ बसवण्याचा संकल्प बडोद्यातील एका मराठी मंडळाने केला आहे, ही बातमी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचली. बातमीने फार आनंद झाला आणि तिच्यातल्या ‘दहा टन’ या शब्दांनी काळजीही वाटली. वातानुकूलनाच्या धंद्यात माझी छत्तीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर आम्ही काही मित्रांनी अशीच एक जुनी बस वाचनालयासाठी तयार केली आणि तिच्या एसीच्या निवडीत मोठी चूक केली. देणगीदारांचे एक लाख ऐंशी हजार रुपये त्या चुकीपायी गेले. ती चूक दुसऱ्या कोणाकडून होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

बडोद्याला फिरते वाचनालय नवीन नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांची घडी बसवली, आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या त्या काळी गावोगाव जात असत. त्या पेट्यांना एसी लागत नव्हता, कारण पुस्तक पेटीतून निघून वाचकाच्या घरी किंवा गावच्या चावडीवर वाचले जात होते. बसचे तसे नाही. वाचक बसमध्ये येऊन बसतो, पत्र्याच्या खोलीत तास-दोन तास वाचतो आणि बस तेवढा वेळ एका जागी उभी असते. माझा सगळा मुद्दा या उभ्या राहण्यावर आधारलेला आहे.

प्रवासी बसचा एसी चालत्या बससाठी बनवलेला असतो. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे इंजिन बंद झाले की थंडावाही बंद होतो, आणि इंजिन मंद गतीने नुसते गुरगुरत असेल तर थंडावा अर्ध्यावर येतो. त्याची क्षमता ठरवताना चाळीस-पंचेचाळीस प्रवासी, वारंवार उघडणारे दार आणि रस्त्यावरून येणारी उष्ण हवा हे सगळे धरलेले असते. बारा मीटरच्या बसवर आठ-दहा टनांचे यंत्र दिसते ते या कारणाने. दहा वाचकांच्या उभ्या बसला हा हिशेब लागू होत नाही, आणि आम्ही नेमका तोच लावला. माझे आयुष्य शीतगृहांच्या आणि इमारतींच्या कामात गेले होते. बसचे यंत्र बसवाल्यांनाच कळते असे मानून मी कागदावर एक आकडासुद्धा मांडला नाही, हे मला कबूल केले पाहिजे.

एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने मोठ्या प्रवासी बसवरून उतरवलेले आठ टनांचे छपरावरचे यंत्र आम्हाला दिले. आमची बस नऊ मीटरची, तिचे इंजिन लहान. यंत्र बसवले, गॅस भरला, पट्टा चढवला आणि पहिल्या दिवशी सगळे खूश झाले. पुढचा अनुभव मात्र असा आला, की बडोद्याच्या मांजलपूर भागात सोसायटीच्या फाटकापाशी बस उभी करून वाचनालय चालवायचे तर चार तास इंजिन चालू ठेवावे लागे. तासाला सुमारे अडीच लिटर डिझेल जाई, पोरे वाचायला बसली की खाली इंजिन धडधडत राही आणि धूर समोरच्या घरांच्या खिडक्यांत जाई. छपरावरच्या पंख्यांना चोवीस व्होल्टवर सत्तर अँपिअरच्या आसपास प्रवाह लागत होता. मंद फिरणाऱ्या इंजिनावरचा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, तेवढा देऊ शकत नव्हता, आणि तूट बॅटरीतून भरून निघत होती. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री इंजिन बंद केल्यावर ते पुन्हा सुरूच झाले नाही. तेव्हा सोसायटीतल्या दहा-बारा जणांनी बस ढकलली.

यंत्र उतरवायचा निर्णय मात्र या कशानेही झाला नाही. तो एका संध्याकाळी झाला. बस उताराच्या रस्त्यावर, पुढच्या अंगाला किंचित झुकून उभी होती. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी पुढच्या बाकावर चित्रांचे पुस्तक उघडून बसली होती. टप्, टप् असा आवाज मला मागे ऐकू आला म्हणून मी पुढे गेलो. छपरातल्या हवेच्या नळीतून पाणी पडत होते आणि ती मुलगी पुस्तक न हलवता, ओळीवर तळहात आडवा धरून, पडणारे थेंब हातावर झेलत वाचत होती. पान भिजू नये म्हणून. थंड कॉइलवर हवेतली वाफ साचून पाणी होते आणि ते खालच्या तबकडीत जमून नळीने बाहेर जाते. पण आमच्या तबकडीला निचरा मागच्या बाजूलाच होता आणि बस पुढे झुकलेली असल्याने पाणी पुढच्या काठावरून सांडत होते. घराची भिंत कायम सरळ असते. बस मात्र ज्या जागी उभी करावी तिथला उतार घेऊन उभी राहते. म्हणून बसमधल्या कोणत्याही एसीच्या तबकडीला दोन्ही टोकांना निचरा हवा, ही गोष्ट मला त्या मुलीने शिकवली.

आता हिशेबाकडे वळतो, कारण मंडळाने पहिल्यांदा तोच करावा असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

एसीच्या संदर्भात ‘टन’ हे वजन नसते. चोवीस तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे नऊशे सात किलो, बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात खेचून घेण्याच्या क्षमतेला एक टन म्हणतात; आजच्या मापात ती साधारण साडेतीन किलोवॅट होते. तेव्हा पहिला प्रश्न असा, की उभ्या बसमध्ये उष्णता शिरते कुठून आणि किती. आमची बस नऊ मीटर लांब, दोन मीटर चाळीस रुंद आणि आतून सुमारे दोन मीटर उंच आहे. बाहेर एक्केचाळीस अंश आणि आत सत्तावीस अंश धरून मी मांडलेला हिशेब असा आहे. उन्हात तापलेले छत साठ-पासष्ट अंशांना पोचते. आत काही अस्तर नसेल तर एकट्या छतातून चार किलोवॅटच्या वर उष्णता येते. बाजूच्या पत्र्यांतून तीन, सव्वातीन. काचांतून, ऊन थेट पडत असेल तर, तीन किलोवॅटच्या पुढे. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता देतो, म्हणून दहा वाचकांची एक किलोवॅट. त्यांना लागणाऱ्या ताज्या हवेची सव्वा ते दीड, दिवे आणि पंखे किरकोळ. बेरीज तेरा किलोवॅटच्या वर जाते, म्हणजे पावणेचार टन.

या बेरजेत माणसांचा वाटा किती थोडा आहे, हे पाहण्यासारखे आहे. तीन चतुर्थांशाहून जास्त उष्णता पत्रा आणि काच आणतात. छताला आतून चाळीस मिलिमीटरचे पफ म्हणजे पॉलियुरेथेनचा फेस भरला, की तेच चार किलोवॅट अर्ध्यावर नव्हे, सुमारे अर्ध्या किलोवॅटवर येतात. बाजूंना पंचवीस मिलिमीटरचे अस्तर दिले की सव्वातीनचे पाऊण किलोवॅटच्या आत. काचांना बाहेरून छज्जा किंवा ताडपत्री बांधली की उन्हाचा भाग दोन किलोवॅटने उतरतो. आतून पडदा लावल्याने तेवढा फरक पडत नाही, कारण ऊन काचेतून एकदा आत आले की त्याची उष्णता आतच राहते. एवढे केल्यावर बेरीज सव्वापाच किलोवॅटची होते, म्हणजे दीड टन. दहा टनांच्या यंत्राला लागणारा पैसा आधी या अस्तरावर, छज्ज्यावर आणि छताच्या पांढऱ्या रंगावर खर्च करावा, म्हणजे यंत्रावर फारच थोडा खर्च उरतो.

अस्तर लावताना एक गोष्ट हमखास सुटते. बसचे छत लोखंडी फासळ्यांवर उभे असते. कारागीर फासळ्यांच्या मधल्या खणांत फेस भरतात आणि वरून सनमायका मारून मोकळे होतात. आमच्या बसमध्येही तसेच झाले होते. दुपारी दोन वाजता मी छताला आतून तळहात लावून पुढून मागे चालत गेलो: खणाखाली हात गार, फासळीखाली चटका, पुन्हा गार, पुन्हा चटका, असे थेट शेवटपर्यंत. लोखंड उष्णतेला फेसाच्या कितीतरी पट वेगाने वाट देते, त्यामुळे फासळ्या उघड्या राहिल्या तर अस्तराचा बराचसा खर्च फुकट जातो. फासळ्यांवरून सलग आडवा थर द्यावाच लागतो. छताची उंची इंचभर कमी होते, तेवढी होऊ द्यावी.

गरजेपेक्षा मोठे यंत्र घेतले तर निदान गार तरी चांगले होईल, असे पुष्कळांना वाटते. पुस्तकांच्या बाबतीत हे फसवे आहे. मोठे यंत्र दहा मिनिटांत हवा गार करून थांबते, आणि हवेतला दमटपणा काढायला त्याला जितका वेळ चालायला हवे तितका वेळ ते चालतच नाही. बडोद्याच्या ऑगस्टमध्ये अशी बस आतून गार आणि ओलसर राहते, पानांना वास येतो, बांधणीला बुरशी धरते. वाचनालयाचा एसी मंद चालला तरी चालेल. तो सतत चालला पाहिजे.

आता पर्यायांविषयी. इंजिनवर चालणाऱ्या यंत्राबद्दल मी वर लिहिले आहे. ज्या बसमध्ये माणसे प्रवास करणार आहेत तिच्यासाठी ते योग्य आहे आणि वाचनालयासाठी अयोग्य आहे, याहून अधिक मला म्हणायचे नाही. पाण्याचा कूलर मे महिन्याच्या कोरड्या दुपारी बडोद्यातही छान चालतो, ग्वाल्हेरकडच्या लोकांना तर तो पुरून उरतो. पण तो हवेत पाणी मिसळून गारवा देतो, आणि पुस्तकांच्या खोलीत पाणी मिसळणारे यंत्र मी ठेवणार नाही. जूनच्या मध्यानंतर तो इथे तसाही निरुपयोगी होतो. ट्रकांच्या केबिनसाठी निघालेले, थेट चोवीस व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे एसी आता मिळू लागले आहेत, आणि २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाल्याने असल्या सामानाची उपलब्धता वाढेल. ते धक्क्यांसाठीच बनवलेले असतात, हा त्यांचा मोठा गुण. परंतु एकेकाची क्षमता बसच्या मानाने कमी पडते आणि बिघाड झाला तर दुरुस्तीचा माणूस शोधत बसावे लागते. पाच वर्षांनी माझे मत कदाचित वेगळे असेल.

जनरेटरविषयी मात्र मला स्पष्ट लिहिले पाहिजे. पेट्रोलचा किंवा डिझेलचा लहान जनरेटर बसच्या डिकीत ठेवून त्यावर घरगुती एसी चालवण्याची कल्पना स्वस्त आणि सोपी वाटते, आणि आमच्या बैठकीतही ती निघाली होती. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे उभ्या केलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसे मृत आढळली. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याने ते मृत्यू झाले. या वायूला रंग नाही, वास नाही. एसी लावायचा म्हणून आपण बस जितकी बंदिस्त करतो, तितका हा धोका वाढतो. ज्या बसमध्ये मुले बसणार आहेत तिच्यावर, तिच्यात किंवा तिच्या शेजारी जनरेटर नको, यावर मी कोणाशीही तडजोड करणार नाही.

अखेर आम्ही घरगुती, इन्व्हर्टर प्रकारचे, एकेक टनाचे दोन स्प्लिट एसी बसवले. (इथे ‘इन्व्हर्टर’ म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारी रचना, वीज गेल्यावर चालणारा घरातला इन्व्हर्टर वेगळा. या दोन शब्दांच्या गोंधळात आमची एक बैठक वाया गेली.) हिशेबाने दीड टन येत असताना दोन टन घेतले, कारण घरगुती एसीची छापील क्षमता बाहेर पस्तीस अंश धरून दिलेली असते आणि त्रेचाळीस अंशांत ती काहीशी घटते. एक मोठा न घेता दोन लहान घेतले, कारण नऊ मीटर लांबीच्या अरुंद खोलीत एका टोकाचा एसी दुसऱ्या टोकाला पोचत नाही. शिवाय एक बिघडला तरी वाचनालय बंद पडत नाही आणि फेब्रुवारीत एकावर भागते. जुन्या पद्धतीचा ठरावीक वेगाचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचतो, इन्व्हर्टर प्रकारचा हळूहळू वेग घेतो, आणि बॅटरीवर चालवायचे तर हा फरक निर्णायक ठरतो.

घरगुती यंत्राचा दोष एकच, पण तो मोठा आहे: ते भिंतीसाठी बनवलेले असते, आणि बस हादरत असते. तांब्याची नळी वारंवार हादरली की कडक होऊन तडकते, आणि गॅस नेमका पावसाळ्याच्या तोंडावर निघून जातो. म्हणून बाहेरचे युनिट रबराच्या जाड बैठकीवर बसवावे, नळीला मध्ये एक मोकळे वेटोळे द्यावे, दर हातभर अंतरावर रबर लावून तिला पकडावे आणि नटाने आवळलेले सांधे शक्य तितके कमी ठेवावेत. जोडणी झाल्यावर कारागिराने नायट्रोजनचा दाब भरून एक रात्र ठेवलाच पाहिजे आणि मग व्हॅक्यूम पंप लावून ओलावा काढला पाहिजे. नुसता थोडा गॅस सोडून नळीतली हवा ‘उडवण्याची’ पद्धत सर्रास चालते, ती बसवर तर अजिबात चालू देऊ नये. गॅसविषयी एवढेच, की आजच्या बहुतेक एसींत येणारा आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. बसएवढ्या खोलीत एका यंत्रातला किलोभर गॅस सुटून मिसळला तरी पेट घेण्याच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहतो, मात्र सांधे बाहेरच्या बाजूला ठेवावेत आणि गॅस असताना नळीला कधीही आच देऊ नये. प्रोपेनवर चालणारे यंत्र पर्यावरणाला चांगले असले तरी बसमध्ये मी घेणार नाही.

बाहेरच्या युनिटची जागा हा दुसरा नाजूक विषय. ते युनिट आतून खेचलेली उष्णता आणि स्वतःला लागलेली वीज, दोन्ही बाहेर टाकत असते. आमच्या दोन्ही यंत्रांची मिळून ती भर दुपारी सात किलोवॅटच्या घरात जाते. डिकीत जाळीमागे युनिट ठेवले तर तीच गरम हवा पुन्हा त्याच्याच कॉइलमध्ये शिरते, दाब वाढतो आणि ऐन उन्हात यंत्र बंद पडते. बसच्या पोटाखाली टांगले तर धुळीने कॉइलच्या पातळ पत्र्या बुजतात आणि पुराचे पाणी शिरते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा उभ्या वाहनांचे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. आम्ही एक युनिट मागच्या भिंतीवर आणि दुसरे डाव्या अंगाला शेवटच्या खिडकीची काच काढून तिथे लोखंडी चौकटीत बसवले, दोघांची तोंडे पूर्ण मोकळी ठेवली.

विजेचा पहिला आधार म्हणून सोसायटीतला, शाळेतला किंवा देवळातला सोळा अँपिअरचा साधा सॉकेट पुरतो. दोन्ही एसी पूर्ण जोरात असताना सुमारे दोन किलोवॅट, म्हणजे नऊ-दहा अँपिअर लागतात, आणि आतली हवा एकदा गार झाली की निम्म्यावर येतात. तापमान सव्वीसवर ठेवावे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी मुळातच चोवीसवर सुरू होतात, आणि तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो.

बाहेरची वीज बसमध्ये घेताना जी गोष्ट कोणी सांगत नाही, ती मी आग्रहाने सांगतो. बस रबरी टायरांवर उभी असते, म्हणजे तिचा लोखंडी सांगाडा जमिनीपासून तुटलेला असतो. आत एखाद्या वायरचे आवरण घासून ती पत्र्याला टेकली, तर अख्ख्या बसच्या सांगाड्यात वीज उतरते आणि आतल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. धक्का बसतो तो बाहेरून येणाऱ्याला: एक पाय जमिनीवर आणि हात दाराच्या दांडीवर असलेल्या मुलाला. म्हणून तीन तारांची, अडीच चौरस मिलिमीटरची केबल घ्यावी, बसचा सांगाडा अर्थिंगला पक्का जोडावा, तीस मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच, दाराशीच बसवावा आणि ज्या सॉकेटला बस जोडायची त्याचे अर्थिंग खरोखर आहे का, हे दर जागी तपासावे. आम्ही ज्या अकरा जागी बस नेतो, त्यांपैकी चार जागी सॉकेटचे तिसरे भोक नुसतेच शोभेला होते. ती दुरुस्ती आम्ही स्वखर्चाने करून घेतली.

जिथे वीज मिळत नाही तिथे बॅटरी. घरच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटऱ्या स्वस्त पडतात, परंतु त्यांतली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर त्या लवकर मरतात. तीन-चार तासांसाठी तशा पाच लागतात आणि त्यांचे वजन अडीचशे किलोच्या पुढे जाते. आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची २५.६ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची एक बॅटरी घेतली. तिच्यात पाच युनिट वीज मावते आणि वजन पन्नास किलोच्या आसपास आहे. साडेतीन तासांचे वाचनालय तिच्यावर निघते. बाहेरची वीज आणि बॅटरीची वीज एकाच वेळी लागणार नाहीत असा चेंजओव्हर स्विच मात्र हवाच.

छतावर सौर पट्ट्या लावाव्यात का, असे मला पुष्कळजण विचारतात. साडेपाचशे वॅटच्या चार पट्ट्या आमच्या छतावर मावल्या असत्या आणि लख्ख उन्हाच्या दिवशी आठ-नऊ युनिट देऊ शकल्या असत्या. त्यांची सावली छतावर पडते तो फायदा वेगळा. पण त्यासाठी बस दिवसभर उन्हात उभी करावी लागते, आणि बडोद्यासारख्या, वडावरूनच नाव पडलेल्या गावात मी बस वडाखाली उभी करणे पसंत करतो. सावलीतल्या छतातून येणारी उष्णता मुळातच इतकी कमी असते की पट्ट्यांच्या विजेची गरज बरीचशी तिथेच संपते. ज्या मंडळांच्या जागा उघड्यावर आहेत, त्यांनी पट्ट्यांचा विचार अवश्य करावा.

आता आगीविषयी. ऑक्टोबर २०२५ मध्ये जैसलमेरहून जोधपूरला निघालेल्या वातानुकूलित शयनयान बसला आग लागून वीसहून अधिक माणसे गेली. ती बातमी वाचल्यावर मी आमची बस पुन्हा एकदा कोपरा न् कोपरा तपासली. पफचा फेस पेटला तर त्याचा धूर विषारी असतो; म्हणून अग्निरोधक प्रतीचाच फेस घ्यावा आणि त्यावर लाकूड-सनमायका न लावता ॲल्युमिनियमचा पत्रा लावावा. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या प्रत्येक वायरला रबरी कडे हवे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागचे संकटकालीन दार. बाहेरचे युनिट टांगायला ती जागा इतकी सोयीची वाटते की कारागीर विचारतही नाहीत. आमच्या कारागिराने खडूने खुणा केल्या त्या दारावरच केल्या होत्या. मी त्या पुसल्या आणि त्याला ते दार आतून उघडून, बाहेर उडी मारून दाखवायला सांगितले. नंतर त्याने दुसरी जागा आपणहून शोधली.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल वाहनात करता येत नाही, आणि नोंदणीपुस्तकातली नोंद बदलून घ्यावी लागते. काम सुरू करण्यापूर्वीच आरटीओत नकाशा घेऊन जावे. काम झाल्यावर गेलो म्हणून आम्हाला एक कपाट आणि दोन बाक उखडावे लागले.

गेल्या वर्षी मे महिन्यात, मांजलपूरला त्याच फाटकापाशी, दुपारी तीन वाजता बाहेर एक्केचाळीस अंश असताना आमच्या बसमध्ये सव्वीस-सत्तावीस अंश होते, आत नऊ वाचक होते आणि इंजिन बंद होते.

बातमीतल्या मंडळाने अजून यंत्राची अनामत रक्कम दिलेली नसेल, तर ती कृपया थांबवावी. आधी बस ज्या जागी उभी राहणार आहे त्या जागी, येत्या चैत्र-वैशाखातल्या एखाद्या दुपारी, बारा ते चार उभी करून ठेवावी, दर अर्ध्या तासाला छताखालचे आणि बाकाच्या उंचीचे तापमान वहीत लिहावे, आणि त्या आकड्यांवरून अस्तर ठरवून मग यंत्र निवडावे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. मंडळाने दिवस कळवल्यास दोन थर्मामीटर आणि वही घेऊन मी बारा वाजता तिथे हजर राहीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वातानुकूलन अभियंता
दांडिया बाजार, बडोदे